गाळ काढा, भिंत बांधा : समुद्रकाठी हे करून झालंय, तिथल्यांनी जरा सांगा

आयर्विन_४५ (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी, आमचं घर सांगलीत गावभागात. जिन्याच्या भिंतीवर तीन खुणा आहेत : २००५, २०१९ आणि २०२१. सगळ्यात वरची एकोणीसची, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हाची. ती आईच्या डोक्याच्याही वर आहे. जिना चढताना ती दरवेळी मान वर करून बघते आणि काही न बोलता पुढं जाते.

पाऊस लागला की चहाच्या गाड्यावर एकच विषय. नदी गाळानं भरलीय, गाळ उपसा. काठाला भिंत घाला. मीही एकोणीसपासून हेच म्हणत होतो, भांडून म्हणत होतो.

या मे महिन्यात बहिणीच्या सासरी गेलो, रत्नागिरीच्या बाजूला. तिच्या लग्नात आम्ही पोरांनी जिथं वाळूत स्टंप ठोकले होते तिथं आता धूपप्रतिबंधक बंधारा झालाय. काळे दगड, वर सिमेंटचा कट्टा. पुढं वाळूच नाही, भरतीचं पाणी थेट दगडावर आपटतंय. भाऊजींना विचारलं, वाळू कुठं गेली? म्हणाले, बंधारा आल्यावर दोन पावसाळ्यांत गेली. आता समुद्र शेजारच्या वाडीला खात बसलाय, त्यांनाही बंधारा हवाय.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. नदी वेगळी, समुद्र वेगळा, मान्य. पण औषध तेच ना? तळ उपसायचा आणि काठाला भिंत घालायची. ज्यांनी बंदराचा गाळउपसा, समुद्रातल्या भिंती जवळून बघितल्यात त्यांनी लिहा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं भांडण इथं नको, त्यासाठी जुना धागा आहे.

भडंगवाला · ९:५२

पहिला नंबर. अलमट्टी पंधराव्या प्रतिसादाच्या आत येणार, पाव किलो भडंगाची पैज.

सांगलवाडीचा_सदू · १०:०५

भिंत तुमच्या बाजूला घालणार न्हवं? मग पाणी कुठं जाणार ओ? पलीकडं आमीच हाय. तुमची भिंत उठली की आमची रानं अजून चार फूट पाण्याखाली. घालायची तर दोन्हीकडं घाला, आणि मग खाली हरिपूरवाल्यांस्नी तोंड दाखवा.

हरिपूरकर · १०:११

@सदू, आम्हाला कशाला ओढता? आमच्याकडं आधीच वारणा येऊन मिळते. दोन नद्यांच्या बेचक्यात राहणाऱ्याला तिसरी भिंत दाखवू नका.

कर्लीची_लेक · १०:४८

मी मूळची मालवणकडची, लग्न होऊन मिरजेत आले त्याला बावीस वर्षं झाली. देवबाग तुम्ही बघितलं असेल, तारकर्लीला फिरायला जाता तेव्हा. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथल्या माणसाला 'बंधारा नको' असं कुणी सांगायला जाऊ नये. उधाणाच्या रात्री पाणी मागच्या पडवीपर्यंत येतं तेव्हा दगड देईल तो देव वाटतो. माझ्या वडिलांनीही दगडासाठी अर्ज केले होते, त्यामुळं मी शहाणपणा शिकवत नाही.

पण दगड पडल्यावर काय झालं ते सांगते. आमच्याकडं रापण ओढायचे. समुद्रात लांबवर जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांनी पन्नास-साठ माणसांनी ते वाळूवर ओढत आणायचं. त्यासाठी उतरती मऊ वाळू लागते. दगडावर जाळं फाटतं, होडी वर घेता येत नाही. आमच्या वाडीतली रापण संपली त्याला मासे कमी होणं हे कारण आहेच, पण ओढायला जागा उरली नाही हेही आहे. रापणीत वाटा असायचा, म्हाताऱ्यांना, विधवांनाही हात लावला की वाटा मिळायचा. पर्यावरणाच्या अहवालात हा वाटा कुठल्या रकान्यात लिहितात मला माहीत नाही.

दुसरं कासवांचं. ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत येते. वेळासला, आंजर्ल्याला लोक घरटी राखतात, ती वाळू शिल्लक आहे म्हणून. दगड लागले की ती आपटून परत जाते.

आणि भाऊजी म्हणाले ते खरं आहे. बंधाऱ्याच्या शेवटच्या दगडापुढं जे घर असतं त्याची पाळी पुढची.

भडंगवाला · १०:५५

ताई, हे वाचून भडंगाची गंमत गेली.

रिटायर्ड_कालवा · ११:२०

मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, हुद्दा सोडा. नोकरीत असताना खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात चार-पाच वेळा जाणं झालं. १९१६ ची संस्था. देशातल्या कितीतरी बंदरांच्या छोट्या प्रतिकृती तिथल्या शेडमधे पाण्यात उभ्या केलेल्या असतात. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या पायथ्याला माणसं लाटा तयार करून बघत असतात. मला ते फार आवडायचं.

कर्लीच्या लेकीनं सांगितलं त्यामागचं कारण असं. कोकणात पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात, समुद्रातच थोड्या अंतरावर ठेवतात. पाऊस सरला, लाटा मंदावल्या की तीच वाळू हळूहळू परत काठाला लागते. किनारा दरवर्षी असा बारीक होतो आणि दिवाळीनंतर अंग धरतो. वाळूच्या उतारावर लाट चढते आणि दमते. उभ्या दगडावर ती आपटते, उलटी फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. म्हणून भिंतीपुढची पुळण जाते आणि पायथा उघडा पडला की भिंतही बसते. मग वरून पुन्हा दगड.

पूर्व किनाऱ्यावर प्रकरण वेगळं. तिथं वर्षभराचा हिशेब केला तर वाळू किनाऱ्याला धरून दक्षिणेकडून उत्तरेकडं चालते. चेन्नई बंदराचे बांध समुद्रात गेले आणि वाळू दक्षिणेला अडली, म्हणून मरीना बीच एवढा रुंद झाला. उत्तरेला रोयापुरमकडं समुद्र आत आला. पुदुच्चेरीत १९८९ च्या सुमारास बंदराचे बांध झाले, शहरापुढची पुळण गेली, दगड टाकले, मग धूप उत्तरेच्या मच्छीमार गावांकडं सरकली. पुढं २०१८ मधे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं पाण्याखाली एक कृत्रिम रीफ, म्हणजे लाट अडवणारा उंचवटा, बसवला, तेव्हा तिथं वाळू पुन्हा धरू लागली.

नदीचं उद्या लिहितो. डोळे दुखतात.

वाळवा_एक्सप्रेस · ११:३१

काका 'क्रमशः' टाकून झोपले.

हॉपर_भरला · शनिवार, पहाटे ३:१५

ड्युटीवरून लिहितोय. तासगाव तालुक्यातला आहे, समुद्र पहिल्यांदा बघितला तो एकविसाव्या वर्षी, आणि आता ड्रेजरवर (गाळ उपसणाऱ्या जहाजावर) इंजिन रूमला आहे. गावात सांगतो 'बोटीवर आहे', लोकांना वाटतं सिंगापूर-दुबई. प्रत्यक्षात एकाच वीस किलोमीटरच्या पट्ट्यात येरझारा. ऊस वाहणारा ट्रॅक्टर समजा.

काम कसं चालतं ते सांगतो. जहाजाच्या बगलेला मोठा पाइप, त्याच्या टोकाला लोखंडी जबडा, त्याला ड्रॅगहेड म्हणतात. तो तळावरून ओढत न्यायचा, पंपानं चिखल-पाणी वर ओढून जहाजाच्या पोटात, म्हणजे हॉपरमधे घ्यायचं. जड वाळू खाली बसते, वरचं गढूळ पाणी ओव्हरफ्लोनं परत समुद्रात. त्या पाण्याचा ढग भरती-ओहोटीबरोबर पसरतो. तो जिथं बसेल तिथली कालवं, तिसऱ्या (शिंपल्या), शेवाळ गुदमरतं. पोवळ्यांचं तर विचारूच नका, अमेरिकेत मायामी बंदराचा चॅनेल (जहाजांची वाट) २०१३ ते १५ मधे खोल केला तेव्हा शेजारची पोवळी गाळाखाली गाडली गेली, त्यावर कोर्टबाजी झाली. हॉपर भरला की ठरवून दिलेल्या जागी खोल समुद्रात जायचं, तळाचे दरवाजे उघडायचे, रिकामं होऊन परत. दिवसरात्र.

सगळेच बेफिकीर असतात असं नाही. ओडिशात धामरा बंदराच्या वेळी, जवळच गहिरमाथ्याचा कासवांचा किनारा म्हणून, ड्रॅगहेडला पुढं कासव बाजूला ढकलणारा लोखंडी पंजा लावला होता. चांगल्या बंदरात पाण्याचा गढूळपणा मोजतात, अंड्यांच्या हंगामात काम थांबवतात. पण सगळ्यात महत्त्वाचं : हे काम संपत नाही. एकदा चॅनेल खोल केला की तो खड्डा आहे, आणि समुद्र खड्डा भरतोच. कोचीनला दर पावसाळ्यात भरतो. हुगळीत तर बारा महिने उपसा. नवीन खोल करायचा खर्च एकदाच, पण राखायचा खर्च बंदर असेपर्यंत.

कृष्णेचा गाळ काढू म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. पुढच्या वर्षी परत कोण काढणार?

बेदाणा_३२ · सकाळी ७:४०

@हॉपर_भरला, राम राम गाववाले!

पण आता जरा उलट बोलतो. आमची द्राक्षं कंटेनरमधून न्हावा शेवाला जातात, तिथनं युरोपात. शीतकंटेनर, एक दिवस उशीर झाला तरी देठ काळा पडतो. मोठी जहाजं आत यावीत म्हणून तिथला चॅनेल खोल केला, आता १५ मीटर ड्राफ्टची (पाण्यात तेवढी खोल बुडणारी) बोट येते. त्याचा फायदा आम्हाला झालाय, नाकारणार नाही. सांगलीची हळद, आमचा बेदाणा, साताऱ्याची स्ट्रॉबेरी खाऊन बंदराला शिव्या देणं सोपं आहे. बंदरच नको म्हणणार असाल तर ऊस एके ऊस करत बसू, मग पाण्यावरून दुसरा धागा काढा.

कर्लीची_लेक · ८:०२

बंदर नको असं मी कुठं लिहिलंय दादा? रापण गेली त्याची भरपाई तुमच्या पेटीच्या दरात धरलीय का, एवढंच विचारते.

बेदाणा_३२ · ८:१०

धरलेली नाही. आम्हालाच दर मिळत नाही, पण ते असो. मुद्दा कळला.

डहाणू_बदली · ९:२५

मूळ गाव कराड, नोकरी पालघर जिल्ह्यात. इकडं वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. तिथं निसर्गतःच वीस मीटरच्या आसपास खोली मिळते, त्यामुळं चॅनेलसाठी उपसा कमी लागेल हा बंदराच्या बाजूचा मोठा मुद्दा. पण बंदर उभं राहणार समुद्रातल्या भरावावर, १,४४८ हेक्टर. त्याची वाळू दमणच्या समोरच्या समुद्रतळातून आणायची. म्हणजे उपसा टळला नाही, त्याची जागा बदलली. इथले कोळी डोल जाळी लावतात. ठरलेल्या जागी खुंट रोवलेले असतात, भरती-ओहोटीच्या ओढीनं बोंबील आपसूक जाळ्यात येतो. प्रवाहाची दिशा जरा बदलली तरी बापजाद्यांची ती जागा निकामी होते. शेतकऱ्याला सातबारा असतो. समुद्रातल्या खुंटाला सातबारा नाही.

कऱ्हाडची_माई · ९:५०

'कराड' नाही, 'कऱ्हाड'. बाकी प्रतिसाद छान.

बाजारपेठ_३_वेळा · ११:०५

सगळं वाचलं. खूप हुशार लोक आहेत इथं. माझं कापडाचं दुकान, तीन वेळा पाण्यात गेलं. एकोणीसला दिवाळीचा माल नुकता भरला होता. पाणी ओसरल्यावर साड्यांचे गठ्ठे फावड्यानं काढले, कोळ्यांचा बोंबील सडावा तसा वास. विम्यावाल्यानं फोटो काढले आणि 'बघतो' म्हणाला.

मला कासव, पोवळं, बोंबील सगळ्याबद्दल आदर आहे. पण प्रत्येक उपायावर 'याचा हा दुष्परिणाम' असं सांगणारे लोक मला पंधरा वर्षं भेटतायत. उपाय सांगणारा एक भेटत नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं, दुकान मिरजेला हलवायचं?

रिटायर्ड_कालवा · दुपारी १२:३०

@बाजारपेठ, तुमचा राग रास्त आहे. आता नदीचं लिहितो, उपायही लिहितो, पटला नाही तर तसं सांगा.

सांगलीत कृष्णेचा उतार फार कमी आहे, म्हणून ती एवढी वळणं घेते. खाली हरिपूरला वारणा, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही एकदम फुगल्या की कृष्णेला पुढं सरकायला वाव नसतो, पाणी मागं तुंबतं. अशा वेळी सांगलीपुढचा तळ दोन मीटर खोल केलेला असला तरी ती दोन मीटरची जागा पूर यायच्या आधीच पाण्यानं भरलेली असते. घागरीचा तळ ठोकून खोल केला म्हणून काठावरून सांडायचं थांबत नाही, खाली तोटी मोकळी पाहिजे. शिवाय पुराच्या वेळी पाणी पात्राबाहेर कित्येक पट रुंदीत पसरलेलं असतं, त्या पसाऱ्यापुढं तळातली जागा किती? आणि तळ उकरला की काठ ढासळतो. कर्नाळ रोडला दरड कोसळलेली बघा.

गाळ कुठं काढावा? पुलांच्या कमानीखाली, बंधाऱ्यांच्या पाठीमागं, नाल्यांच्या तोंडाशी. ते जरूर काढा, दरवर्षी काढा. पण सांगलीचं खरं दुखणं ओत, म्हणजे पाणी वाहायच्या सखल वाटा, बुजवण्यात आहे. पुराचं पाणी ज्या ओतांमधून शहरात शिरायचं त्यातूनच ते उतरायचं. त्यात भराव पडला, प्लॉट पडले. आता भिंत घातली तर नदीचं पाणी बाहेर राहील, पण शहरात पडलेला पाऊस आणि शेरीनाल्याचं पाणी आत कोंडणार. श्यामरावनगरात पूर नसतानाही चार-चार महिने पाणी साचतं, ते लोक सांगतील.

डच लोक भिंती बांधण्यात जगात पुढं. १९५३ च्या पुरात १,८०० वर माणसं गेली, त्यानंतर त्यांनी प्रचंड बांध घातले. त्याच लोकांनी नंतर 'नदीला जागा' नावाचा कार्यक्रम काढला. तीसेक ठिकाणी बांध मागं सरकवले, पूरमैदान खाली उतरवलं, काही शेतकऱ्यांची घरं उंचवट्यावर नेली. समुद्राच्या बाजूला हेगजवळ २०११ मधे त्यांनी दोन कोटी पंधरा लाख घनमीटरच्या आसपास वाळू एकाच जागी ओतली आणि लाटांना ती पसरवू दिली. तिथंही ड्रेजरच वापरला. यंत्राला माझा विरोध नाही, ते कुठं लावता यावर सगळं आहे.

सांगलवाडीचा_सदू · १२:४१

काका, 'बांध मागं सरकवले' म्हंजे कुणाच्या रानात? भूसंपादनाचं नाव काढलं की आमच्याकडं कोयता निघतोय.

रिटायर्ड_कालवा · १२:५०

तिथंही निघाला असेल, त्यांच्याकडं कोयता नसेल एवढंच. पैसे मोजले आणि बरीच वर्षं बोलत बसले.

वाळवा_एक्सप्रेस · १:१५

गाळ उपशाबद्दल आमच्या मगरींना नोटीस दिलीय का? भिलवडी-औदुंबर पट्ट्यात त्या मूळ रहिवासी आहेत, पूरग्रस्त यादीत नाव नाही.

मीनल_निसर्ग · १:४०

चेष्टा वाटेल पण हा खरा मुद्दा आहे. मगर काठाच्या वाळूत, मातीत अंडी घालते आणि काठातच बीळ करते. वाळू उपशानं नदीकाठची वाळवंटं गेली, काठ उभे कापले गेले, मळीची (काठच्या गाळाच्या जमिनीची) माती वीटभट्टीला गेली. उरलेल्या काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) झालं तर तिनं जायचं कुठं? ती माणसांच्या घाटावरच येणार. आपण मग म्हणणार मगरी वाढल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, उचलून टाकता येत नाही.

कृष्णामाई_उगम · ३:२०

उशिरा आलो. मी वाईचा. एक गोष्ट कुणाच्या बोलण्यात आली नाही म्हणून लिहितो.

समुद्र आणि कृष्णा वेगळे, असं धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमधे मान्य करून टाकलंय. ते वेगळे नाहीत. महाबळेश्वरला निघालेलं पाणी सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला मिळतं. आपण ज्याला गाळ म्हणतो त्यानंच तिथला त्रिभुज प्रदेश हजारो वर्षांत रचला. मग नदीवर धरणं झाली, आपली, कर्नाटकची, खाली श्रीशैलम, नागार्जुनसागर. आता समुद्रापर्यंत पोचणारा गाळ पूर्वीच्या मानानं अगदी थोडा उरलाय आणि तिथला किनारा काही ठिकाणी मागं हटतोय. तिथले लोक उद्या बंधारा मागतील. म्हणजे इथं आपण म्हणतो गाळ फार झालाय, आणि त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला गाळ कमी पडतोय म्हणून जमीन जातेय.

उलटं उदाहरण फराक्का. कलकत्ता बंदराचा गाळ धुऊन निघावा म्हणून गंगेवर बराज (दारं असलेला बंधारा) घातला, १९७५ ला सुरू झाला, ४०,००० क्युसेक पाणी हुगळीत सोडायचं गणित होतं. हुगळीतला ड्रेजर आजही चालूच आहे (हॉपरभाऊंनी लिहिलंच). बराजच्या वर मात्र गंगेत गाळ साठला, मालद्याकडं काठ तुटून गावं गेली, आणि २०१६ च्या पुरानंतर बिहारच्या मुख्यमंत्र्यांनी तो बराजच काढा म्हणून मागणी केली. खालच्या राज्यातलं बांधकाम आणि वरच्या राज्यातला पूर, ओळखीचं वाटतंय का?

भडंगवाला · ३:२४

बिहार म्हणाला, पण सांगायचं होतं अलमट्टीच! प्रतिसाद मोजा रे कुणीतरी. पंधरा होऊन गेले असतील तर मी हरलो.

हरिपूरकर · ३:३०

हरलात. खरंतर शब्द उच्चारलाच नव्हता, तुम्हीच पहिले. दुप्पट दंड, अर्धा किलो.

रिटायर्ड_कालवा · ४:०५

शब्द निघालाच आहे तर दोन वाक्यं. २०१९ च्या पुरावर वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नव्हता. पण धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकचा बेत आहे, त्याचा प्रश्न वेगळा, आणि त्यावर डोळा ठेवलाच पाहिजे. बस्स, पुढचं जुन्या धाग्यावर.

बाजारपेठ_३_वेळा · ६:१०

काका, तुमचं ओताचं पटलं. आमच्या मागच्या गल्लीत पूर्वी ओत होता, तिथं आता तीन मजली कॉम्प्लेक्स आहे. त्यातला एक गाळा माझाच आहे. जास्त लिहीत नाही.

हॉपर_भरला · ७:३०

पहिल्यांदाच असं कुणी कबूल केलेलं बघितलं. सलाम दादा.

आयर्विन_४५ · रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. आमच्या प्रभागात पुढच्या आठवड्यात पूर नियोजनाची बैठक आहे. मी 'गाळ काढा' असा अर्ज टाइप करून ठेवला होता, तो बदलला. आता चारच ओळी आहेत. काढलेला गाळ टाकणार कुठं? दरवर्षीच्या उपशाचे पैसे कुणाच्या बजेटमधे? भिंत झाली तर आतलं पाणी बाहेर काढायला पंप किती आणि वीज गेल्यावर काय? भिंतीमुळं सांगलवाडीत आणि हरिपुरात पाणी किती वाढेल, ते मोजून दाखवा. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, पाचवी ओळ घाल, ते ओत कुणी विकले, त्यात कुणाकुणाची नावं आहेत ते विचार. घालू का नको ते कळेना.

सांगलवाडीचा_सदू · ९:२२

घाल लगा. आईचं ऐक. आमी दहा जण येतोय बैठकीला.

बाजारपेठ_३_वेळा · ९:३०

घाला. माझ्या नावासकट घाला.

हरिपूरकर · ९:४८

आत्ताची पातळी कुणाकडं आहे का? इकडं संगमावर पाणी पायऱ्यांना लागलंय.

वाळवा_एक्सप्रेस · ९:५५

आयर्विन २३ फूट. कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून २,१०० क्युसेक सोडलंय. वारणेच्या खोऱ्यात संध्याकाळपासून धो-धो.

कर्लीची_लेक · १०:०१

मालवणला फोन केला होता, तिकडंही उधाण आहे. सगळ्यांनी गाड्या वर लावून ठेवा.